दौलतजींची उजवी बाजू

दौलतजींना हाक मारायची तर आधी त्यांच्या पुढं जावं लागे. मागून तुम्ही घसा फाडून ओरडा, बाजारातली चार माणसं वळून पाहतील, पण दौलतजी नाही. कान तर इतके तिखट की मी आतल्या खोलीत ब्रश पाण्यात बुडवला तरी बाहेर बाकावर त्यांना ऐकू जायचं. पण मान मागं वळायची नाही म्हणजे नाही. मी नवीनच लग्न होऊन पांढुर्ण्याला आले होते. एकदा त्यांची छत्री आमच्याकडे राहिली म्हणून हाका मारत थेट जिनिंगच्या फाटकापर्यंत धावले. शेवटी पुढं जाऊन आडवी उभी राहिले, तेव्हा शांतपणे म्हणाले, "वहिनी, समोरून येत जा ना जी. मागं पाहता येत नाही." मला असा राग आला! म्हटलं, माणूस आहे की रेल्वेचा खांब?

स्टेशनरोडला आमचा फोटो स्टुडिओ होता. फोटो हे काढायचे, म्हणजे आमचे यजमान, आणि रिटचिंग माझ्याकडे. निगेटिव्हवर पेन्सिल चालवून देवीचे वण पुसायचे, मिटलेले डोळे उघडायचे, गाल भरायचे. पांढुर्ण्यातल्या अर्ध्या नवऱ्या माझ्या पेन्सिलीनं गोऱ्या झाल्या आहेत. दौलतजी स्टुडिओच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचे आणि कापसाच्या जिनिंगवर राखणीला जायचे. बायको नाही, पोर नाही. त्याआधी फौजेत होते. बंदूक चालवणारी पलटण नव्हे, खच्चरांची. पहाडात जिथं मोटार जात नाही तिथं दाणागोटा, दारूगोळा, रॉकेलचे डबे सारं खच्चरांच्या पाठीवर जातं, आणि एकेका खच्चराला एकेक माणूस असतो. लोक त्यांना पाठीमागं खच्चरजी म्हणायचे. पाठीमागं म्हणायला सोयीचं होतं, वळून पाहायचेच नाहीत.

त्यांचं चालणं एकदा पाहिलं की विसरता येत नव्हतं. रस्त्याच्या डाव्या कडेनं चालायचे आणि उजवीकडे एका जनावराची जागा सोडायचे. उजवी मूठ मिटलेली, बरगडीपाशी. तीन जणांनी गप्पा करत जायचं असलं तरी उजव्या बाजूला कुणाला येऊ देत नसत. "इकडून या," म्हणून डावीकडे घ्यायचे. गल्ली अरुंद झाली की थांबायचे, मूठ जराशी सैल सोडायचे, जिभेनं टक् टक् करायचे आणि मग पुढं निघायचे. बसमध्ये किंवा गाडीत मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. तिगावला जायचं असो की सौसरला, पायीच. ह्यांनी एकदा विचारलं, काहून जी, तिकिटाला काय कमी आहे का? तर म्हणाले, तिकिटाचं काय, पण ती चढत नाही ना पायऱ्या. ती कोण, हे विचारायचं ह्यांना सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण मी विचारलं नाही.

संध्याकाळी जिनिंगवरून आले की आधी बादलीभर पाणी खोलीच्या दाराबाहेर ठेवायचे. मग उभे. हात पाठीशी बांधून, बादलीकडे न पाहता, बराच वेळ. त्यानंतर चूल. "आधी जनावर, मंग आपण," हे त्यांचं एकच तत्त्वज्ञान, आणि ते कुठंही लावायचे. लग्नाच्या पंगतीत वाढपी वरण घेऊन आला की हे विचारणार, वऱ्हाडाच्या बैलायले पाणी पाजलं का? नसेल पाजलं तर पानावरून उठायचे. लग्नघरचे खजील, पाहुणे खो खो हसतात, आणि दौलतजी विहिरीवर.

पेन्शनसाठी जिवंत असल्याचा दाखला लागतो, त्याला फोटो लागतो. त्यासाठी ते आमच्याकडे बसले तो दिवस मला नीट आठवतो. आमच्या पडद्यावर बाग, पायऱ्या आणि एक मोर रंगवलेला होता. हे म्हणाले, मधात सरका. ते म्हणाले, मधातच आहो. हे कॅमेऱ्यातून पाहतात तर दौलतजी चौकटीच्या एका टोकाला आणि त्यांच्या उजव्या हाताकडची अर्धी चौकट रिकामी. दोन-तीनदा सांगून ह्यांनी नाद सोडला. कापून घेऊ म्हणाले. निगेटिव्ह माझ्या टेबलावर आली. दौलतजींच्या मिशीचा केसन् केस मोजता येत होता. त्यांच्यामागचा मोर स्वच्छ होता. रिकाम्या अर्ध्या भागातल्या पायऱ्या मात्र फिसकटलेल्या होत्या, कोणी समोरून हललं की फोटो फिसकटतो तशा. हे म्हणाले, पंख्यानं पडदा हलला असेल. फोटोच्या वेळी आम्ही पंखा बंदच ठेवायचो, पडदा हलतो म्हणूनच. मी तेवढा भाग कात्रीनं कापला आणि चुलीत घातला. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्या माणसाची भीती वाटली.

आणि पोळ्याला तर गावानंच पाहिलं. तोरणाखाली बैलजोड्या रांगेनं उभ्या होत्या. शिंगं रंगवलेली, झुली घातलेल्या, पोरं पोळ्याची गाणी, झडत्या, म्हणत होती. रांगेच्या टोकाला आमचे दौलतजी एकटे, धुतलेलं धोतर, मूठ मिटलेली. लोक हसले. हसणं फार टिकलं नाही, कारण शेजारची जोडी बिथरली. धन्यानं वेसण ओढली, शेपट्या पिरगाळल्या, तरी त्यांतला उजवा बैल दौलतजींच्या बाजूला सरकेना. कान टवकारून त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिला, मग मान खाली घालून दोन पावलं मागं गेला. पाटलांनी दौलतजींना हळूच सांगितलं, पुढच्या वर्षी नका येऊ. ते हो म्हणाले. त्यांना राग कधी यायचाच नाही, आणि त्याचाच मला राग यायचा.

आता वच्छलाबाईंचं सांगते.

सौसरच्या वच्छलाबाई एका दुपारी त्यांच्या होणाऱ्या व्याह्यांबरोबर आमच्या स्टुडिओत आल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, अंगावर साधं लुगडं. त्यांची मुलगी मंदा, तिचं लोधीखेड्याच्या गुरुजींच्या मुलाशी ठरलं होतं. गुरुजी भले होते, पण व्यवस्थित माणूस. पत्रिका छापायची, तर मुलीच्या बापाच्या नावाआधी काय लिहू, एवढंच त्यांना हवं होतं. बाप किसन. बासष्टच्या लढाईला गेला तेव्हा मंदा पोटात होती. सरकारी कागद आला त्यात बेपत्ता म्हटलेलं. मेला म्हणून कोणी सांगितलं नाही, जिवंत म्हणून कोणी दाखवलं नाही. बाई कुंकू लावत राहिल्या, सासू मेली, दीर वेगळे झाले, संत्र्याच्या बगिच्यात मजुरी करून पोरगी वाढवली. आता लग्नघरात लावायला किसनचा मोठा फोटो करून हवा होता.

आमच्या धंद्यात जुन्या फोटोवरून मोठा फोटो करायचा असला की गिऱ्हाइकाला एक प्रश्न आधी विचारावा लागतो. आवाज खाली करून विचारायचा असतो: गेलेला की असलेला? असलेल्या माणसामागं पडदा रंगवायचा, बाग नाहीतर खिडकी. गेलेल्यामागं सारं पांढरं ठेवायचं, डोक्याभोवती जरा जास्त उजेड, आणि खाली हाराला जागा. एकदा हे न विचारता मी एका धडधाकट सावकाराच्या मागं पांढरं केलं होतं, तर त्याच्या बायकोनं स्टुडिओत बसून आकांत मांडला. तेव्हापासून विचारल्याशिवाय ब्रश उचलत नाही.

मी विचारलं. गुरुजी म्हणाले, गेलेला. वच्छलाबाई त्याच वेळी म्हणाल्या, असलेला. गुरुजींच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, हिशेबानं ते बरोबरच होते. पण गेलेला म्हटलं की बाईंचं कुंकू जाणार, आणि कुंकू गेलं की स्वतःच्या पोरीला हळद लावायला हात पुढं करता येणार नाही. आमच्याकडचे रिवाज कसे आहेत ते मला कोणी शिकवायला नको.

"आणि फोटो कुठं आहे?" मी विचारलं, कारण त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

बाई म्हणाल्या, "तुमच्या मागच्या खोलीत राहतात ना, मंदाच्या बापाच्या पलटणीतले, त्यायच्यापाशी आहे म्हणून ऐकलं. दरवर्षी पोळ्याच्या आधी सौसरले पायी येतात. आमच्या कोपऱ्यावर उभे राहतात. मी भाऊजी म्हणून दारातून हात केला की चालले जातात. मी इचारीन म्हणून भेतात, बाई."

दौलतजींना बोलावलं. समोरून. त्यांनी वच्छलाबाईंना पाहिलं आणि जागीच खिळले, मग खोलीत जाऊन एक फोटो घेऊन आले. कुणा वर्तमानपत्रवाल्यानं लढाईच्या सुरुवातीला काढलेला, आणि मग आठवणीनं पाठवलेला. पहाडाच्या कडेनं एक पायवाट, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला नुसतं आभाळ. पायवाटेवर खच्चरांची रांग, पाठीवर पालाण, पालाणावर पेट्या. पहिल्या खच्चराचा दोर दौलतजींच्या हातात, दुसऱ्याचा किसनच्या. किसनचा चेहरा उडदाच्या दाण्याएवढा. वच्छलाबाईंनी बोट लावलं नाही. पदराचं टोक दातात धरून नुसत्या पाहत राहिल्या. त्यांच्या लग्नात कोणी फोटो काढला नव्हता. नवऱ्याचं तोंड त्या बावीसेक वर्षांनी पाहत होत्या.

"भाऊजी, सांगून टाका," त्या म्हणाल्या. "कुंकवाचं माझं मी पाहीन."

दौलतजींनी मूठ इतकी आवळली की बोटांची पेरं पांढरी पडली. बाई उठल्या. मला म्हणाल्या, तोंड तेवढं काढा, मागचं अजून कोरं राहू द्या. आणि शेवटच्या बसनं निघून गेल्या. मला त्या क्षणी दौलतजींच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली, खरंच सांगते.

ह्यांनी फोटोवरून निगेटिव्ह केली आणि मोठा फोटो काढला. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली कागद औषधाच्या पाण्यात हलत होता. मी बाजूला उभी होते. माणसं उमटली ती रवाळ आणि पुसट. चालता चालता काढलेला फोटो, ते व्हायचंच. पण दुसरं खच्चर, किसनच्या हातातलं, खडीसाखरेसारखं स्वच्छ उमटलं. पापणीचे केस, नाकपुडीवरची ओल. ते थेट आमच्याकडे पाहत होतं. ह्यांनी पुन्हा काढला, कागद बदलला, वेळ कमी केला. चेहरा आणखी पुसट आणि जनावर आणखी स्वच्छ. ह्यांनी तिसरा कागद काढला आणि तसाच पाकिटात परत ठेवला. मला म्हणाले, तू म्हणतेस तसं नसते काही. मी काहीच म्हटलं नव्हतं.

तो ओला फोटो दोरीवर वाळत होता तेव्हा दौलतजी दाराशी आले. मी त्यांना आत घेतलं आणि म्हटलं, हे पहा, नाक कसं होतं, भुवया कशा होत्या, सांगा. त्यांनी किसनकडे पाहिलंच नाही. जनावरापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "मैना." मग खाली फरशीवर बसले आणि बोलायला लागले. मी पेन्सिल ठेवून दिली.

वरून सारे माघारी येत होते. बर्फ, कडा, पायवाट एका जनावरापुरती. किसनचे पाय थंडीनं काळे पडलेले. एका वळणाला तो खडकाला टेकून बसला आणि मैनेचा दोर दौलतजींच्या हातात देऊन म्हणाला, तू हिले घेऊन हो पुढं, मी येतोच मागून. दौलतजींचं स्वतःचं खच्चर आदल्याच दिवशी गोळी लागून पडलं होतं. त्यांनी दोर घेतला. जनावर दोरानं नेताना मागं पाहायचं नसतं. आपण वळून तोंडाकडे पाहिलं की ते थबकतं, आणि तसल्या वाटेवर थबकलं तर मागची सगळी रांग दरीत. भरतीच्या पहिल्याच दिवशी हे शिकवतात. म्हणून त्यांनी मागं पाहिलं नाही.

"पुढच्या वळणाले दोराले एक हिसका बसला, वहिनी," ते म्हणाले. "मंग काहीच नाही. पण हाताले वजन होतंच. मी चालत राहिलो. खाली कॅम्पात साहेब म्हणे, दोराचा तुकडा धरून काहून आला, जनावर कुठं आहे? मी म्हटलं, मागं आहे. किसन कुठं आहे? मी म्हटलं, मागून येऊन राहिला." ते थांबले. "अजून मी मागं पाह्यलं नाही. जोवर पाहत नाही तोवर दोघंही येऊन राहिले ना जी. आता ह्या बाईले मी काय सांगू?"

त्यांची उजवी बाजू माझ्याकडे होती. मी नकळत पाय आखडून घेतले, कोणाच्या तरी खुराखाली येऊ नयेत म्हणून. मग म्हटलं, दौलतजी, जनावर ज्याचं त्याच्या घरी पोचवा. बाकी तिचं ती ठरवेल. ते उठून पुन्हा मैनेच्या फोटोपुढं उभे राहिले. शेवटी म्हणाले, पोळ्याले नेतो.

किसनचा चेहरा मी कसाबसा उभा केला. मंदाचा फोटो मागवून घेतला, कपाळ तिच्यासारखं असेल अशा अंदाजानं काढलं, मागची जागा कोरी ठेवली. पोळ्याच्या दिवशी आम्ही दोघं तो कच्चा फोटो दाखवायला बसनं सौसरला गेलो. दौलतजी आदल्या दिवशीच पायी निघाले होते. रस्त्यात सौसरच्या अलीकडे बसमधून मला ते दिसले. डाव्या कडेनं चालले होते. समोरून येणाऱ्या एका बैलगाडीचे बैल त्यांच्याजवळ येताच रस्ता सोडून शेतात उतरले.

संध्याकाळी पोळा फुटला. सौसरच्या गल्लीत बैल दारोदार फिरायला लागले. आमच्याकडे दारात बैल आला की घरची बाई त्याचे खुर धुते, कपाळाला हळदकुंकू लावते, पुरणपोळी चारते, आणि दोर धरून आणणाऱ्याला बोजारा म्हणून चार पैसे देते. वच्छलाबाईंच्या दारी बैल यायचं कारण नव्हतं. त्या आमचा फोटो मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. नाक बरोबर आहे म्हणाल्या. इतक्यात कोपऱ्यावर दौलतजी दिसले. धुतलेलं धोतर, मूठ बरगडीपाशी. गल्लीतले बैल एकेक करून भिंतीला चिकटले.

ह्या वेळी ते कोपऱ्यावर थांबले नाहीत. सरळ दारापर्यंत आले, ओट्यापुढं उभे राहिले आणि मिटलेली मूठ पुढं केली.

"किसननं माझ्यापाशी ठेवली होती," ते म्हणाले. "मी येतो म्हणे मागून. तो आला नाही, वहिनी. तो नाही आला."

वच्छलाबाईंनी फोटो माझ्याकडे दिला. त्या रडतील, ओरडतील, त्यांना काही बोलतील असं मला वाटलं. त्या उठल्या आणि मंदाला म्हणाल्या, बादली भरून आण, तांब्या आणि हळदकुंकूही. ओट्यावरून खाली उतरल्या, दौलतजींच्या मुठीखाली आपला हात धरला. दौलतजींची बोटं उघडायला वेळ लागला. इतकी वर्षं मिटलेली, ती सरळ होईनात. मग बाईंची मूठ मिटली आणि तिला एक हलका हिसका बसला. मी पाहिलं. ह्यांनीही पाहिलं, घरी येऊन नाही म्हणाले तरी.

बाईंनी वाकून तांब्यातलं पाणी जमिनीवर ओतलं, चार ठिकाणी. हळदकुंकवाचं बोट वर उचलून हवेत टेकवलं, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि ते बोट परत आलं तेव्हा कोरं होतं. मंदाच्या हातची बादली दारात ठेवली. वारा नव्हता. पाण्यावर एक वर्तुळ उठलं, मग दुसरं. बाई दाराच्या बाजूला सरकल्या, दाराची अर्धी जागा मोकळी करून उभ्या राहिल्या, आणि थोड्या वेळानं त्यांनी दार लोटलं.

माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, मागं पांढरं करा." मग तेवढ्याच सरळ आवाजात, "हळद मात्र माझ्या पोरीले मीच लावीन. गुरुजीले मी सांगीन." आणि लावली त्यांनी. गुरुजी काही बोलले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

आम्ही बसस्टँडकडे निघालो तेव्हा दौलतजी आमच्या बरेच पुढं चालले होते. रस्त्याच्या अगदी मधून. दोन्ही हात मोकळे, आणि त्या हातांचं काय करावं हे त्यांना उमजत नव्हतं. एकदा खिशात घालायचे, एकदा पाठीशी. मंदानं त्यांच्यासाठी पुरणपोळ्यांचा डबा दिला होता, तो माझ्याकडेच राहिलेला. सवय विसरून मी मागूनच हाक मारली, "दौलतजी!"

ते थांबले. आणि वळले. मी त्यांना मागं वळलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही पाहायचा योग आला नाही, कारण त्या थंडीतच ते गेले. संध्याकाळच्या उजेडात ते आमच्याकडे पाहतच राहिले. मग आमच्यावरून त्यांची नजर मागं गेली, त्या दाराकडे, गल्लीच्या टोकाकडे, त्याहूनही पलीकडे. तिथं कोणी येत नव्हतं. त्यांनी ते नीट पाहून घेतलं.

"पाणी पाजलं का तिले?" त्यांनी विचारलं.

"पाजलं," मी म्हटलं.

मग ते बसमध्ये चढले आणि खिडकीशी बसले.